बाईचे मत आणि बाबासाहेबांची तीस वर्षे

कसबे तडवळे हे धाराशिव तालुक्यातले गाव आपल्या चळवळीच्या नकाशावर कायमचे कोरले गेले ते २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ या दोन दिवसांमुळे. तिथे महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि त्या परिषदेसाठी स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. गावातल्या शाळेत त्यांचा मुक्काम झाला. आजही फेब्रुवारी आला की जिल्ह्यातले भीमसैनिक तिकडे अभिवादनाला जातात.

त्या १९४१ सालात आपल्या भागातल्या किती बायांना मत देता येत होते? जिल्ह्याचा बहुतेक मुलूख निजामाच्या राज्यात. तिथे लोकांना जबाबदार असे सरकारच नव्हते, मग प्रौढ मताधिकार कुठला असणार? शेजारी सोलापूरकडे इंग्रजांचे राज्य. तिथे निवडणुका होत, पण मत मिळायचे ते जमीन, सारा, घरभाडे किंवा शिक्षण पाहून. गावकुसाबाहेरच्या कष्टकरी बाईकडे यातले काहीच नव्हते. अवघ्या अकरा वर्षांत तीच बाई मतदान केंद्रावर रांगेत उभी राहिली. पाटलाच्या वाड्यातल्या बाईचे एक मत आणि हिचेही एकच मत.

जयंतीच्या भाषणांत आपण नेहमी ऐकतो की बाबासाहेबांनी स्त्रियांना मतदानाचा अधिकार दिला. हे वाक्य चुकीचे नाही, पण अर्धे आहे. त्यावर कुणी अभ्यासू माणसाने प्रश्न विचारला, की मुंबई इलाख्यात काही स्त्रियांना १९२१ पासूनच मत होते, तर आपले कार्यकर्ते गोंधळतात. म्हणून ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. बाबासाहेबांच्या आयुष्यातली १९१९ ते १९४९ ही तीस वर्षे डोळ्यांसमोर ठेवली, तर त्यांचे खरे काम किती मोठे होते हे कळते.

घडण

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सुभेदार, आई भीमाबाई. आई लवकर गेली, तेव्हा आत्या मीराबाईंनी पोराला सांभाळले. पुढे रमाईंनी उपाशीतापाशी राहून संसार ओढला. बाईच्या कष्टाची किंमत या माणसाला पुस्तकातून शिकावी लागली नाही.

१९१३ मध्ये ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१६ पर्यंत तिथे राहिले. त्या वर्षांत न्यूयॉर्कमध्ये बायका मताच्या हक्कासाठी रस्त्यावर उतरल्या होत्या. १९१५ मध्ये त्या राज्यात या प्रश्नावर मतदान झाले. मत देणारे सगळे पुरुष होते आणि त्यांनी मागणी फेटाळली. दोन वर्षांनी, १९१७ मध्ये, तीच मागणी मंजूर झाली. कोलंबियात बाबासाहेबांना शिकवणारे प्राध्यापक जॉन ड्युई हे स्त्रियांच्या मताधिकाराचे उघड समर्थक होते. लोकशाही म्हणजे केवळ राज्यकारभाराची पद्धत नसून माणसांनी एकमेकांबरोबर जगण्याची रीत आहे, हा ड्युईंचा विचार बाबासाहेबांच्या लिखाणात पुढे आयुष्यभर दिसतो. मताधिकाराबद्दलची त्यांची भूमिकाही याच विचारावर उभी आहे.

१९१९: पहिली साक्ष

पहिल्या महायुद्धानंतर भारतात थोडे अधिकार द्यायचे ठरले, तेव्हा मत कुणाला द्यायचे हे पाहण्यासाठी साउथबरो समिती आली. २७ जानेवारी १९१९ रोजी बाबासाहेबांनी तिच्यापुढे साक्ष दिली. तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते आणि सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते.

त्यांनी समितीपुढे जो युक्तिवाद मांडला तो आजही प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावा असा आहे. मालमत्ता असलेल्यालाच मत द्यायचे, तर अस्पृश्याला मत कधीच मिळणार नाही. कारण त्याच्याकडे मालमत्ता नसणे हा त्याचा आळस नाही. त्याच्या हातचे कुणी घेत नाही, म्हणून त्याला धंदा करता येत नाही, आणि धंदा नाही म्हणून मालमत्ता नाही. म्हणजे आधी अस्पृश्यतेने माणसाला गरीब करायचे आणि मग गरीब आहे म्हणून मत नाकारायचे. या न्यायाला बाबासाहेबांनी तिथेच आव्हान दिले आणि अस्पृश्यांसाठी मताची अट खूप खाली आणावी अशी मागणी केली.

त्या साक्षीत सर्व स्त्री-पुरुषांना सरसकट मत द्या अशी मागणी नव्हती. ती पुढे आली. पण तिचे बीज याच युक्तिवादात होते. जे अस्पृश्य पुरुषाला लागू, तेच बाईलाही लागू. बाईच्या नावावर जमीन नाही, कारण शास्त्राने आणि रूढीने ती तिच्या नावावर होऊ दिली नाही. मग त्याच कारणाने तिला मत नाकारणे हा दुहेरी अन्याय झाला.

स्त्रियांच्या मताची मागणी त्या काळी दुसऱ्या बाजूनेही चालू होती. डिसेंबर १९१७ मध्ये सरोजिनी नायडूंसह स्त्रियांचे एक शिष्टमंडळ भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटले होते. पण साउथबरो समितीने भारतीय समाजाची स्थिती पुढे करून ही मागणी नाकारली. १९१९ च्या कायद्याने तो निर्णय प्रांतांच्या कायदेमंडळांवर सोडला. १९२१ मध्ये मद्रास आणि मुंबईने स्त्री असल्यामुळे मत नाकारणारी अट काढली. पण मालमत्तेची अट तशीच राहिली. तेव्हा पुरुष धरून एकूण लोकसंख्येतील शंभरांपैकी जेमतेम तीन माणसांना मत होते. बंगल्यातली मोजकी बाई मतदार झाली, गिरणीतली, शेतातली आणि महारवाड्यातली बाई बाहेरच राहिली.

१९२१ चे आणि १९५० चे हे अंतर ज्याला कळले, त्याला बाबासाहेबांचे काम कळले.

१९२७ ते १९२९: परिषदेत, कायदेमंडळात आणि आयोगापुढे

१९२७ साली बाबासाहेब मुंबई कायदेमंडळाचे नेमलेले सदस्य झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. महाडला बाया मोठ्या संख्येने आल्या होत्या. बाबासाहेबांनी त्यांच्याशी वेगळे बोलून स्वच्छ राहण्याचा, जातीची खूण सांगणारी लुगड्याची आणि दागिन्यांची रीत टाकण्याचा आणि मुलींना शिकवण्याचा आग्रह धरला. जुलै १९२८ मध्ये गिरणीतल्या बाळंतीण कामगार स्त्रियांना पगारी रजा मिळावी या विधेयकाला त्यांनी कायदेमंडळात पाठिंबा दिला.

त्याच वर्षी सायमन आयोग आला. देशभर त्याच्यावर बहिष्कार होता. बाबासाहेबांनी मात्र बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने २९ मे १९२८ रोजी निवेदन दिले आणि ऑक्टोबरमध्ये पुण्यात आयोगापुढे साक्ष दिली. यावेळी मागणी स्पष्ट होती: प्रौढ मताधिकार. संपत्तीची अट नको, शिक्षणाची अट नको.

आयोगाला साहाय्य करणाऱ्या मुंबई प्रांतिक समितीचेही ते सदस्य होते. इतर सदस्यांशी मत जुळले नाही, म्हणून १७ मे १९२९ रोजी त्यांनी स्वतःचा वेगळा अहवाल सादर केला. निरक्षर माणसाला मत कसे द्यायचे, या प्रश्नाला त्यांनी त्यात सरळ उत्तर दिले. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याला अक्कल नसते, असे समजणे चूक आहे. अक्षरओळख झाली की माणूस शहाणा होतोच, हेही खरे नाही. शिवाय ज्या समाजाला शाळेचे दार बंद ठेवले, त्यालाच निरक्षर म्हणून मत नाकारणे हा उलटा न्याय झाला.

मत म्हणजे सरकारने खूश होऊन दिलेले बक्षीस आहे, ही समजूतच त्यांनी मोडीत काढली. सगळी माणसे एकत्र राहतात, तर एकत्र राहण्याचे नियम कुणी ठरवायचे? ते ठरवण्यात प्रत्येकाचा हात असला पाहिजे, नाहीतर ज्यांच्या हातात सत्ता ते स्वतःच्या सोयीचे नियम करणार. जो जास्त दुबळा, त्याला मताची गरज जास्त. बाईपेक्षा ही गोष्ट कुणाला जास्त लागू पडते?

इथे इतरांचेही श्रेय नोंदवले पाहिजे. १९२८ च्या नेहरू अहवालानेही प्रौढ मताधिकार मांडला होता. अखिल भारतीय महिला परिषदेसारख्या संघटना स्त्रियांच्या मतासाठी झटत होत्या. बाबासाहेब या लढाईत एकटे नव्हते. पण बाईच्या आणि अस्पृश्याच्या मताचा एकच पाया सांगून, तो सरकारी कागदावर इतक्या ठामपणे मांडणारे आवाज फार थोडे होते.

गोलमेज परिषद आणि पतीच्या नावावरचे मत

१९३० मध्ये लंडनला गोलमेज परिषद भरली. अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन गेले. मताधिकार उपसमितीत बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकार आताच द्या असा आग्रह धरला. कामगार नेते ना. म. जोशी यांची भूमिकाही तीच होती. उपसमितीच्या बहुमताने प्रौढ मताधिकार हे अंतिम ध्येय म्हणून मान्य केले, पण ताबडतोब देणे शक्य नाही म्हणून पुढे ढकलले. १९३२ मध्ये लॉर्ड लोथियन यांच्या मताधिकार समितीवरही बाबासाहेब होते. तिथेही कारभाराच्या अडचणी पुढे आल्या. एवढे मतदार, एवढी केंद्रे, एवढे अधिकारी आणायचे कुठून, हा प्रश्न विचारला गेला.

शेवटी १९३५ चा कायदा आला. सुमारे साडेतीन कोटी लोकांना मत मिळाले, त्यात स्त्रिया सुमारे साठ लाख. त्यातल्या पुष्कळ स्त्रियांना मत मिळाले ते पतीच्या मालमत्तेमुळे. अमुक इतकी मालमत्ता असलेल्याची बायको किंवा विधवा, म्हणून ती मतदार. नवरा मोलमजुरी करणारा असेल तर बायकोला मत नाही. बाई स्वतः माणूस आहे म्हणून तिला मत, हे तत्त्व अजून कायद्यात उतरले नव्हते.

२७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. ज्या दिवशी आपल्या बाया स्वतःच्या हक्काने मत देतील तो दिवस पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

१९४२ च्या जुलैत नागपूरला अखिल भारतीय दलित वर्गाच्या परिषदेबरोबर महिलांची वेगळी परिषद झाली. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बाया जमल्या. नवऱ्याने दुसरी बायको करण्याची रीत बंद व्हावी, बाईला काडीमोड घेता यावा, गिरणीतल्या बायांना रजा आणि सोयी मिळाव्यात, कायदेमंडळांत स्त्रियांना प्रतिनिधित्व मिळावे, असे ठराव त्यांनी केले. घरातला प्रश्न, कामावरचा प्रश्न आणि सत्तेतला वाटा या बायांनी एकाच मांडवात मांडला. ज्यांच्यापैकी बहुतेकींना मतच नव्हते, त्या कायदेमंडळात जागा मागत होत्या.

त्याच काळात इटलीत

आता थोडे भारताबाहेर पाहू. इटली हा देश १८६१ मध्ये एक झाला. १८७७ मध्ये आन्ना मारिया मोझ्झोनी या कार्यकर्तीने स्त्रियांना मत मिळावे म्हणून तिथल्या संसदेकडे अर्ज केला. पुढची कित्येक दशके तो प्रश्न टोलवला गेला. १९२५ मध्ये मुसोलिनीच्या राजवटीत काही स्त्रियांना स्थानिक निवडणुकीपुरते मत देणारा कायदा झाला आणि लगेच स्थानिक निवडणुकाच रद्द केल्या गेल्या. हक्क कागदावर आला आणि पेटीच नाहीशी झाली.

दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या स्त्रियांनी फॅसिस्टांविरुद्धच्या लढ्यात निरोप पोचवले, शस्त्रे नेली, तुरुंग भोगला. देशाचा उत्तर भाग अजून जर्मनांच्या ताब्यात असतानाच, १ फेब्रुवारी १९४५ रोजी, एका हुकुमाने त्यांना मताचा हक्क मिळाला. त्या हुकुमातही परवानगीच्या जागेबाहेर वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रियांना वगळले होते. निवडून येण्याचा हक्क तर मार्च १९४६ मध्ये वेगळा द्यावा लागला. २ जून १९४६ रोजी इटलीच्या स्त्री-पुरुषांनी मिळून राजेशाही नाकारली, प्रजासत्ताक स्वीकारले आणि संविधान सभा निवडली. ५५६ जणांच्या त्या सभेत २१ स्त्रिया होत्या.

त्याच १९४६ सालात, ९ डिसेंबरला, भारताची संविधान सभा पहिल्यांदा बसली. तिच्यात पंधरा स्त्रिया होत्या आणि त्यांच्यातल्या दाक्षायणी वेलायुधन या एकमेव दलित स्त्री. पण दोन सभांत मोठा फरक होता. इटलीची सभा सर्व प्रौढ नागरिकांच्या मतांतून आली. आपली सभा प्रांतिक कायदेमंडळांनी निवडली आणि ती कायदेमंडळे निवडली होती मालमत्ता आणि शिक्षण असलेल्या थोड्या मतदारांनी. थोड्यांच्या मतांतून आलेल्या सभेने सगळ्यांना मत द्यावे, हे आपोआप घडणारे नव्हते. ते घडवून आणावे लागले.

संविधानातला मताधिकार

बाबासाहेबांना संविधान सभेत जाण्यासाठी जोगेंद्रनाथ मंडल यांच्या मदतीने बंगालमधून निवडून यावे लागले. फाळणीनंतर १९४७ मध्ये ते मुंबईतून पुन्हा निवडले गेले आणि २९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमलेल्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले.

त्याआधीच, मूलभूत हक्क उपसमितीत, प्रौढ मताधिकार हा मूलभूत हक्क मानावा असे त्यांचे मत होते. उपसमितीनेही तशी शिफारस केली. वरच्या सल्लागार समितीने मात्र तो मूलभूत हक्कांच्या यादीत न ठेवता संविधानात दुसरीकडे घालण्याचे ठरवले.

जून १९४९ मध्ये निवडणुकांची कलमे सभेपुढे आली. आजच्या क्रमांकाने सांगायचे तर कलम ३२५ आणि ३२६. धर्म, वंश, जात किंवा लिंग या कारणाने कुणाचेही नाव मतदार यादीतून वगळता येणार नाही. आणि एकवीस वर्षांचा प्रत्येक नागरिक, स्त्री असो वा पुरुष, मतदार. पुढे १९८९ मध्ये ही वयाची अट अठरावर आली.

त्याच चर्चेत बाबासाहेबांनी आणखी एक गोष्ट केली, जिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. निवडणुका प्रांतांच्या हातात न ठेवता देशभरासाठी एकच स्वतंत्र निवडणूक आयोग असावा, अशी तरतूद त्यांनी आणली. कारण त्यांच्याकडे तक्रारी येत होत्या, की काही प्रांतांत वेगळ्या वंशाच्या, भाषेच्या किंवा संस्कृतीच्या लोकांची नावे मतदार याद्यांत घेतली जात नाहीत. मताचा हक्क मारायचा असेल तर कायदा बदलावा लागत नाही, यादीतून नाव गाळले तरी काम होते, हे त्यांनी ओळखले होते.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी सभेला दोन गोष्टींची आठवण दिली. एक, या देशाला संसदीय रीत नवी नाही. बौद्ध भिक्खू संघात ठराव मांडण्याचे, मते मोजण्याचे आणि गुप्त मतदानाचे नियम होते. दोन, राजकारणात प्रत्येकाला एक मत मिळाले, तरी सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहिली, तर हे मताचे समतेचे घर एक दिवस कोसळेल.

आपल्यासारख्या बौद्ध वाचकांना पहिली गोष्ट अभिमानाची वाटते, दुसरी अडचणीची. त्यांनी स्वतः दुसरीवर पुढची दोन वर्षे खर्च केली. हिंदू कोड बिलातून बाईला वारसा, घटस्फोट आणि दत्तक याबाबत हक्क मिळावेत म्हणून ते झगडले आणि ते बिल रखडवले गेले तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्याच वर्षी त्यांनी महाबोधी सोसायटीच्या मासिकात भारतीय स्त्रीच्या उन्नती आणि अवनतीवर लेख लिहिला. स्त्रीच्या अधोगतीला बुद्ध जबाबदार नाहीत, उलट महाप्रजापती गोतमीपासून स्त्रियांना संघाची दारे उघडली गेली, आणि तिला खाली ढकलले ते मनूच्या कायद्याने, असे त्यांनी पुराव्यांसह दाखवले.

अमक्याची आई, तमक्याची बायको

संविधान झाले, पण मतदार यादी हाताने करायची होती. सुमारे १७ कोटी ३० लाख मतदारांची. यादी करणारे कर्मचारी घरोघर गेले, तेव्हा अनेक ठिकाणी बायांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. परक्या पुरुषापुढे नाव सांगायची रीत नव्हती. मग यादीत लिहिले गेले, अमक्याची आई, तमक्याची बायको. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवले की नाव नसेल तर मतदार नाही. मुदत वाढवूनही, मुख्यतः उत्तरेकडच्या काही राज्यांतल्या, सुमारे आठ कोटी स्त्री मतदारांपैकी अठ्ठावीस लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळली गेली.

१९३५ च्या कायद्यात बाईला नवऱ्याच्या मालमत्तेने मत मिळत होते. १९५० मध्ये तिला स्वतःचे मत मिळाले, तर यादीत तिचे नाव नव्हते. कायदा पुढे गेला होता, घर मागे राहिले होते.

१९५१-५२ च्या त्या पहिल्या निवडणुकीत हैदराबाद राज्यातल्या उस्मानाबाद जिल्ह्यानेही मतदान केले. निजामाची सत्ता जाऊन साडेतीन वर्षेही झाली नव्हती. शेजारच्या सोलापुरातून शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे पां. ना. राजभोज लोकसभेवर गेले. आणि स्वतः बाबासाहेब? उत्तर मुंबईत नारायण काजरोळकर यांच्याकडून ते साडेचौदा हजारांच्या आसपास मतांनी हरले. हा निकाल त्यांना जिव्हारी लागला. मतमोजणीत बाद ठरलेल्या मतांच्या प्रश्नावर अशोक मेहता यांच्याबरोबर ते निवडणूक न्यायाधिकरणाकडे गेले, म्हणजे संविधानाच्याच रस्त्याने गेले. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही पराभव झाला. पण लोक अडाणी आहेत, त्यांना मत द्यायला नको होते, ही भाषा त्यांनी कधी केली नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी लाखोंसह धम्मदीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आजचा धाराशिव आणि आपले काम

त्यानंतर आपल्या जिल्ह्यात बरेच घडले. उस्मानाबाद मतदारसंघ राखीव असताना २००४ मध्ये कल्पना नरहिरे लोकसभेवर निवडून गेल्या. महाराष्ट्रात पंचायतींत अर्ध्या जागा स्त्रियांना आहेत. पण गावात सरपंचबाईंच्या खुर्चीत बसून सही सोडून सगळे काम करणारा नवरा आपल्यालाही माहीत आहे. आपल्या वस्त्यांतही तो आहे.

आणि ऊसतोडीच्या फडात काय चालते ते पाहा. कळंब, भूम, वाशी, परंडा या भागांतून दिवाळीच्या सुमारास जोड्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल नवऱ्याच्या हातात, हिशेब नवऱ्याच्या नावावर, मुकादमाच्या वहीत बाईचे वेगळे नाव नाही. अमक्याची बायको, हीच नोंद. २०२४ ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरला झाली. हंगामाच्या तोंडावरच. जी बाई मुलाबाळांसह टोळीबरोबर परजिल्ह्यात गेली, तिचे गावाच्या यादीतले मत तिथेच राहते.

लग्न होऊन आलेल्या सुनेचेही तसेच. तिचे नाव माहेरच्या यादीत, आडनाव बदललेले, सासरी नोंद नाही. दोन-तीन निवडणुका अशाच निघून जातात आणि माहेरची यादी तपासली गेली की तिथलेही नाव कटते.

विहारात किंवा वस्तीत काम करणाऱ्या तरुणांनी पुढची निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नये. आता वर्षातून चार तारखा असतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. त्या तारखेला अठरा पूर्ण झालेल्या मुलीचे नाव घालता येते. नव्या नावासाठी नमुना ६, पत्ता बदलण्यासाठी किंवा नाव दुरुस्त करण्यासाठी नमुना ८. आपल्या भागाचा बीएलओ कोण, हे प्रत्येक मंडळाला माहीत असायला हवे. यादी मागून घ्या, वर्षावासात रविवारच्या वंदनेनंतर विहारात मोठ्याने वाचा, आणि प्रत्येक घरात विचारा की सुनेचे नाव आहे का, आजीचे नाव बरोबर लिहिले आहे का, टोळीला गेलेल्या बाईचे नाव कापले गेले आहे का. हे काम मुलींच्या हाती द्या. वस्तीतल्या बाया मुलींना नाव सांगतील आणि अडचणही सांगतील.

आणि यादीत नाव आले की मत कुणाला द्यायचे हे बाईला घरातल्या पुरुषाने सांगू नये. ज्या माणसाने तीस वर्षे भांडून तिचे मत तिच्याच नावावर लिहून घेतले, त्याचा फोटो घरात लावून तिच्या मतावर आपला हक्क सांगणे शोभत नाही.

जय भीम, नमो बुद्धाय.